गुहा-डायव्हिंगची नोंद, डायव्ह 41 ते 44: दोरी हाताला सापडली पाहिजे

गेल्या नोंदीत मी लिहिले होते की, गुहा-डायव्हिंगचे (पाण्याने भरलेल्या गुहांमध्ये आत जाण्याचे) पूर्ण प्रशिक्षण संपून आठ महिने झाले तरी प्रायमरी रील, म्हणजे वाटेची दोरी सोडण्याचे मुख्य रील, चालवताना माझे हात अजून घाई करतात, आणि म्हणून पुढच्या खेपेला आत जाण्याचे अंतर वाढवण्याऐवजी केवळ दोरी टाकण्याकडे लक्ष द्यायचे आहे. त्याप्रमाणे नोव्हेंबरातील एका शनिवार-रविवारी मी आणि माझा नेहमीचा जोडीदार अटलांटाहून गाडीने उत्तर फ्लोरिडात उतरलो आणि चार डायव्ह केले: शनिवारी ल्युराव्हिलजवळच्या पीकॉक स्प्रिंग्जमध्ये दोन आणि रविवारी हाय स्प्रिंग्जजवळच्या गिनी स्प्रिंग्जमध्ये दोन. अंतराच्या दृष्टीने या चारही डायव्हमध्ये सांगण्यासारखे काही नाही. दोरीच्या बाबतीत मात्र पहिल्याच डायव्हमध्ये असे काही घडले की बाकीचे तीन त्याच्याभोवतीच आखावे लागले.

या छंदात नुकत्याच आलेल्यांसाठी एक गोष्ट आधी स्पष्ट करतो. इथल्या नेहमीच्या गुहांमध्ये कायमची जाड पिवळी दोरी, म्हणजे आपली गोल्ड लाइन, बसवलेली असते. पण ती गुहेच्या तोंडापासून सुरू होत नाही. प्रशिक्षण नसलेला कोणी तिच्या मागे ओढला जाऊ नये म्हणून ती मुद्दाम आत सुरू केलेली असते, आणि मोकळ्या पाण्यापासून तिथवरचा टप्पा प्रत्येक जोडीने स्वतःच्या रीलने जोडायचा असतो. हा टप्पा लहान असतो, मागे वळले की बाहेरचा निळा उजेड दिसत असतो, आणि त्यामुळेच तो हलक्यात घेतला जातो. परंतु तळाचा गाळ एकदा उठला की तो उजेड दोन-चार श्वासांत नाहीसा होतो आणि उरते ती फक्त दोरी. गुहा-डायव्हर शेक एक्स्ली यांनी 1979 मध्ये गुहांमधील अपघातांचे विश्लेषण प्रसिद्ध केले, त्यात पुन्हा पुन्हा आढळणारी तीन कारणे त्यांनी मांडली: मोकळ्या पाण्यापर्यंत अखंड दोरी नसणे, परतीसाठी दोन-तृतीयांश हवा राखून न ठेवणे आणि फार खोल जाणे. शनिवारी सकाळी आमची दोरी अखंड होती. तरीही ती चुकीची होती, आणि ते आम्हाला अर्ध्या-पाऊण तासाने कळले.

पीकॉकला पोहोचलो तेव्हा हवेत चांगलाच गारठा होता. झऱ्याचे पाणी बारा महिने सुमारे 22 अंश सेल्सिअस असते, त्यामुळे डोहावर वाफ धरली होती. या उद्यानाला आता छायाचित्रकार आणि गुहा-संशोधक वेस स्काइल्स यांचे नाव आहे; 2010 मध्ये त्यांचे निधन झाल्यानंतर ते देण्यात आले. इथल्या पाण्याखालच्या बोगद्यांची सुमारे 33,000 फूट लांबीची मोजणी झालेली आहे. नवशिक्यांना पीकॉकला आणतात ते इथे प्रवाह मंद आणि खोली बेताची, सुमारे 60 फूट, म्हणून. पण मंद प्रवाहाचीही एक किंमत असते. पायातल्या फिनच्या एका चुकीच्या फटक्याने उठलेला गाळ वाहून जात नाही, तो तिथेच लोंबकळत राहतो.

आम्ही दोघेही साइडमाउंट वापरतो, म्हणजे सिलिंडर पाठीऐवजी दोन्ही कुशींना लावतो. प्रत्येकी 85 घनफुटांचे दोन स्टीलचे सिलिंडर, त्यांत नायट्रॉक्स, म्हणजे 32 टक्के ऑक्सिजन असलेली हवा, दाब 3000 पीएसआय (चौरस इंचाला पौंड). एक-तृतीयांशाच्या नियमाने 2000 ला परत फिरायचे. पण हवा कितीही शिल्लक असली तरी सुमारे 500 फुटांवरच्या पॉटहोल सिंकच्या (वर उघडणाऱ्या खळग्याच्या) पलीकडे जायचे नाही, असे काठावरच ठरवले. परतताना सरावही ठरलेला होता: गोल्ड लाइन संपते तिथून बाहेरच्या पहिल्या गाठीपर्यंत मी डोळे मिटून दोरीने यायचे, जोडीदाराने दिवा चालू ठेवून मागून यायचे, आणि मग दोघांनी परत जाऊन रील गुंडाळत बाहेर पडायचे. त्यासाठी लागणारी हवा वेगळी धरली होती.

पहिली गाठ मोकळ्या पाण्यात बुडालेल्या एका ओंडक्याला मारली. दुसरी आत, काळ्या झग्यातल्या सांगाड्याचे चित्र असलेल्या त्या पाटीच्या पलीकडे. आम्ही तिला यमाची पाटी म्हणतो. प्रशिक्षण नसताना पुढे गेलेले तीनशेहून अधिक डायव्हर, त्यांत मोकळ्या पाण्याचे प्रशिक्षकसुद्धा, अशाच गुहांमध्ये मेले आहेत, असे तिच्यावर लिहिलेले असते. आणि मी दर वेळी ती पूर्ण वाचतो. तिथून पुढे दोन ठिकाणी दोरी दगडामागून घेतली आणि गोल्ड लाइनला जोडली. सहा मिनिटे लागली. मला ती वेळ चांगली वाटली होती.

पॉटहोलपर्यंतचा प्रवास शांत झाला. वर पाहिले तर अरुंद चिमणीतून दिवसाचा उजेड पाझरत होता. परतीच्या वाटेवर भिंतीतल्या एका खोबणीत पांढराफटक, बोटाएवढा गुहेतला क्रेफिश, म्हणजे झिंग्याचा भाऊबंद, दिसला. याचे डोळे निकामी झालेले असतात आणि रंगद्रव्य उरलेले नसते. दिव्याचा झोत त्याच्यावर न रोखता आम्ही पुढे सरकलो.

आता सरावाचा भाग. माझे रील जिथे अडकवले होते तिथे थांबून मी अंगठा आणि तर्जनी यांचे सैल वलय करून दोरी त्यात घेतली, दुसरा हात डोक्यापुढे धरला आणि डोळे मिटले. पहिली काही फुटे सहज गेली. दोरीवरची अंतराची एक गाठ बोटांतून सरकली, मग आतला दगड लागला, त्याच्या पलीकडे दोरी पुन्हा हाताला आली. त्यानंतर ती उजवीकडे वळली. बोटांच्या पेरांना वरून खडक घासू लागला, मग खालूनही. हात मनगटापर्यंत आत गेला, मग कोपरापर्यंत. दोरी पुढे जातच होती, ताणलेली, सरळ, बाहेरच्या दिशेने. पण माझा खांदा अडला आणि उजव्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह दगडावर आपटल्याचा आवाज झाला. मी थोडा मागे सरलो, अंग तिरके केले आणि पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा तेच. श्वास वाढला आहे हे मला माझ्याच बुडबुड्यांच्या आवाजावरून समजत होते. दोरी सोडली तर वाट सुटणार होती, आणि धरून ठेवली तर पुढे जाता येत नव्हते. एवढ्यात जोडीदाराने पोटरी दाबून थांबण्याची खूण केली आणि मी डोळे उघडले.

उजेडात त्या जागेत भिण्यासारखे काहीच नव्हते. जेमतेम वीतभर उंचीच्या एका कपारीखालून माझी दोरी गेली होती, आणि तिच्या डावीकडे दोन हातांवर दोन माणसे शेजारी-शेजारी जातील एवढा बोगदा मोकळा होता. याला आपल्यात लाइन ट्रॅप म्हणतात. प्रशिक्षणात त्याचे वर्णन ऐकलेले होते, परीक्षेत उत्तरही लिहिले होते. पण स्वतः टाकलेल्या दोरीने स्वतःचाच हात कपारीत नेला, तेव्हा ती व्याख्या पहिल्यांदा समजली.

हे का होते ते काठावर बसून वाळूत बोटाने रेघा मारत आम्ही बराच वेळ पाहिले. ताणलेली दोरी दोन गाठींमधली सर्वांत जवळची वाट शोधते. बोगदा वळला की ती वळणाच्या आतल्या बाजूला सरकते, आणि पाण्याने झिजलेल्या चुनखडीत आतल्या बाजूला कपारी असतातच. मी दोरी टाकली तेव्हा ती मोकळ्यावर होती. पुढच्या दगडावर ताण दिला तेव्हा ती माझ्या पाठीमागे सरकली, आणि मी वळून पाहिले नाही.

"अरे, मागून मी येत होतो," जोडीदार म्हणाला. "ते मला दिसायला हवे होते. मी तुझ्या फिनकडे बघत होतो, दोरीकडे नाही."

त्याचे म्हणणे खरे होते. रीलवाल्याचे लक्ष पुढे असते. टाकलेली दोरी तपासणे हे दुसऱ्याचे काम आहे, आणि आम्ही दोघांनी ते कधी मोठ्याने ठरवून घेतलेच नव्हते. यापुढे ठरले ते असे: मागच्याने प्रत्येक टेकूपाशी, म्हणजे दोरी जिथे दगडाला टेकवली आहे तिथे, दिवा दोरीवरून फिरवायचा, ती माणसाला जाता येईल अशा जागी आहे का ते पाहायचे, आणि तशी असेल तरच पुढच्याला दिव्याने वर्तुळाची खूण द्यायची. ती खूण आल्याशिवाय रीलवाल्याने पुढे सरकायचे नाही.

दुपारी जेवायला ऑरेंज ग्रोव्ह सिंकपाशी गेलो. लाकडी पायऱ्या, खाली गोल खळगा, आणि पाण्यावर तांदळाच्या दाण्याएवढ्या तरंगत्या पानांचा हिरवा थर. मी पाठीला पत्र्याचा डबा बांधून विहिरीत पोहायला शिकलो. त्यामुळे या पायऱ्या उतरताना मला दर वेळी गावच्या विहिरीची आठवण होते. मात्र साम्य तेवढेच. सह्याद्रीचा बेसॉल्ट पाण्यात असा विरघळत नाही, म्हणून आपल्याकडच्या प्रसिद्ध गुहा म्हणजे माणसाने छिन्नीने कोरलेली लेणी आहेत. इथला खडक हा कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या उथळ समुद्राच्या तळाशी साठलेला चुनखडक आहे, आणि मातीतून झिरपताना किंचित आम्ल झालेले पावसाचे पाणी त्यात वाटा कोरत आले आहे. आम्हाला फसवणारी ती कपारही याच विरघळण्यातून तयार झालेली आहे, आणि तशा कपारी इथे पावलोपावली असणार, हे गृहीत धरूनच दोरी टाकली पाहिजे.

दुसऱ्या डायव्हमध्ये पॉटहोलकडे गेलोच नाही. तीच सुरुवात, तीच वाट, फक्त दोरी नव्याने. त्या वळणावर मी बोगद्यात पुढे आलेला एक दगड निवडला आणि दोरी त्याच्या बाहेरून घेतली, म्हणजे ताण आल्यावर ती दगडावरच टेकून राहील; मग ती तळाजवळ, एकाच भिंतीच्या कडेने ठेवली, बोगद्यात आडवी येऊ दिली नाही. जोडीदाराने एकदा खूण न देता दिवा आडवा हलवला, म्हणून मागे येऊन एक टेकू हातभर सरकवला. अकरा मिनिटे लागली. डोळे मिटून बाहेर आलो तेव्हा हात कुठेही अडला नाही आणि श्वासही नेहमीच्याच लयीत राहिला. मग जोडीदाराने तेच केले आणि तोही न थांबता आला. ती अकरा मिनिटे मला सकाळच्या सहा मिनिटांपेक्षा कितीतरी अधिक समाधान देऊन गेली.

रविवारी गिनीला परिस्थिती अगदी उलट होती. डेव्हिल्स इअर हे तोंड सांता फे नदीच्या काठालगत आहे; वरून नदीचे चहाच्या रंगाचे पाणी आणि खालून झऱ्याचे काचेसारखे स्वच्छ पाणी अशी सीमा तिथे डोळ्यांना दिसते. आतून येणारा प्रवाह एवढा जोराचा असतो की मान वळवली की चेहऱ्यावरचा मास्क थरथरतो. इथे फिन मारून पुढे जाण्याचा प्रयत्न केला तर फक्त हवा खर्च होते. आधीच झिजून गुळगुळीत झालेल्या दगडांना बोटांनी धरून स्वतःला ओढायचे आणि मोठ्या दगडांच्या आडोशाला श्वास सावरायचा. अडचण अशी की ओढण्यासाठी हात लागतो आणि रीलसाठीही हात लागतो. माझे दोन टेकू नीट बसले. तिसऱ्याला मी प्रवाहात टिकून राहण्याच्या नादात दोरी ढिली सोडली आणि ती लाटेसारखी हलू लागली. जोडीदाराने ती बोटाने धरून ठेवली आणि मी ताण घेतला. गोल्ड लाइनला जोडेपर्यंतच माझा बराच वायू संपला होता, आणि सुमारे 95 फूट खोलीवर विसाव्या मिनिटाला 2000 पीएसआयला परत फिरलो. पीकॉकच्या हिशेबाने पाहिले तर मी इथे मिनिटाला जवळजवळ दुप्पट वायू वापरत होतो. त्यातला काही भाग खोलीचा, बाकीचा प्रवाहाशी केलेल्या झगड्याचा. हा दुसरा भाग मला कमी करायचा आहे.

परतताना प्रवाह पाठीशी असतो, आणि ते वाटते तेवढे सोपे नाही. रील गुंडाळणाऱ्याला पाणी त्याच्याच दोरीच्या पुढे ढकलते, दोरी सैल पडते आणि पायात येऊ शकते. त्यामुळे दर टेकूपाशी एका हाताने दगड धरून, शरीर रोखून, मगच गुंडाळायचे. हे माझ्याकडून बऱ्यापैकी झाले.

शेवटचा, चव्वेचाळिसावा डायव्ह डेव्हिल्स आय या शेजारच्या तोंडातून केला. रील जोडीदाराकडे होते आणि तपासणी माझ्याकडे. मी मागून प्रत्येक टेकूवर दिवा फिरवत गेलो. दुसऱ्या टेकूपाशी दोरी एका कडेखाली सरकताना दिसली, दिवा आडवा हलवला, तो थांबला, मागे आला, आणि दोघांनी मिळून ती बाहेर घेतली. आदल्या सकाळी नेमकी हीच सरकणारी दोरी आमच्या दोघांच्याही नजरेतून सुटली होती. डायव्ह लहान ठेवला. वर येताना वीस फूट खोलीवर थांबलो असताना त्याने पाण्याखाली लिहिण्याच्या पाटीवर लिहिले, "कपार दिसली कशी?" मी खाली लिहिले, "या वेळी दोरीकडे बघत होतो."

जानेवारीत पुन्हा पीकॉक, पण ऑरेंज ग्रोव्हच्या बाजूने. तिथल्या सुरुवातीच्या टप्प्यावर आम्ही दोघांनीही अजून स्वतःची दोरी टाकलेली नाही. पहिल्या डायव्हला रील त्याच्याकडे राहील, मागून तपासत मी येईन, आणि डोळे मिटून बाहेर येण्याचा सराव दोघेही करू.