तुम्ही विचारलंत म्हणून: आमच्या कॉलेजला लीगमधून कुणी काढलं?

"काय हो, तुमच्या कूगर्सना लीगमधून काढून टाकलं म्हणे? इतके वाईट खेळत होते का?"

सिअ‍ॅटलला मराठी मंडळींच्या कार्यक्रमाला गेले की हा प्रश्न येतोच. तिथल्या बऱ्याच जणांची मुलं युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनमध्ये शिकतात, आणि मी राज्याच्या पार दुसऱ्या टोकाच्या, पुलमनच्या वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीची. कूगर्स म्हणजे आमच्या युनिव्हर्सिटीचा संघ. राहुरीहून इथे आले ती गव्हाच्या तांबेऱ्यावर काम करायला. अमेरिकन फुटबॉल इथे आल्यावर कळला आणि मग सुटला नाही. पुण्याचा आत्येभाऊ फोनवर वेगळ्या तऱ्हेने विचारतो: "एकाच राज्यातली दोन सरकारी विद्यापीठं, दोघांमध्ये शंभर वर्षांहून जुनी चुरस, मग एक मोठ्या लीगमध्ये आणि दुसरं उघड्यावर, असं कसं झालं?" दर वेळी तुटक उत्तर देते आणि दर वेळी मनाला चुटपुट लागते. म्हणून एकदा नीट लिहिते.

काढलं कुणीच नाही. पश्चिमेकडच्या बारा कॉलेजांच्या पॅक-12 या लीगमधून दहा जण उठून गेले आणि आम्ही व ऑरेगन स्टेट विद्यापीठ दोघेच उरलो.

खेळाचं म्हणाल, तर 2018 साली आमच्या संघाने 11 सामने जिंकले होते. नोव्हेंबर 2023 मध्ये, म्हणजे जुन्या पॅक-12 च्या शेवटच्या हंगामात, आम्ही सिअ‍ॅटलला जाऊन 24-21 असे हरलो, तेही अगदी शेवटच्या किकवर. ज्यांच्याकडून हरलो तो वॉशिंग्टनचा संघ त्या वर्षी एकही सामना न गमावता राष्ट्रीय अंतिम फेरीपर्यंत गेला. खेळावर ठरत असतं तर हा लेख लिहायची वेळच आली नसती.

भारतातल्या वाचकांना थोडं सांगायला हवं. आंतरविद्यापीठ सामने म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर वसतिगृहातली चार टाळकी आणि मैदानाच्या कडेला उभे असलेले क्रीडाशिक्षक येतात. इथे मिशिगनच्या स्टेडियममध्ये लाखाहून जास्त माणसं बसतात. शेजारपाजारची कॉलेजं मिळून एक गट करतात, त्याला कॉन्फरन्स म्हणतात. दरवर्षी आपसात खेळायचं, आणि प्रक्षेपणाचे पैसे आपसात वाटून घ्यायचे. आमच्या कॉन्फरन्सची मुळं 1915 पर्यंत जातात. पुलमन हे गव्हाच्या टेकड्यांमधलं तीसेक हजार वस्तीचं गाव, आणि आमच्या मार्टिन स्टेडियममध्ये माणसं मावतात तेहतीस हजारांच्या आसपास. सामन्याच्या दिवशी गाव दुप्पट होतं. कुठल्याही विमानतळावर डोक्यावरची टोपी बघून अनोळखी माणूस "गो कूग्स" म्हणतो आणि तुम्हीही तेच म्हणून पुढे जाता. ईएसपीएनचा 'कॉलेज गेमडे' हा कार्यक्रम दर शनिवारी वेगळ्या गावातून होतो. 2003 पासून त्या प्रत्येक प्रक्षेपणात गर्दीच्या मागे आमचा किरमिजी झेंडा कुणीतरी फडकावत असतो. आमची माणसं तो झेंडा एकमेकांना कुरियरने पाठवत गावोगाव नेतात.

म्हणजे टीव्हीवर आम्ही दर आठवड्याला दिसत होतो. पण टीव्हीचा हिशेब झेंड्याचा नसतो, घरांचा असतो. सिअ‍ॅटल-टकोमा ही देशातल्या पहिल्या पंधरा टीव्ही बाजारपेठांमधली एक. आमच्याजवळचं मोठं शहर स्पोकेन, ते त्या यादीत फार खाली. कॉन्फरन्सच्या पैशांची वाटणी साधारण सारखी होते, त्यामुळे नवा सदस्य घेताना एकच प्रश्न विचारला जातो: पंगतीत हे एक पान वाढलं तर बाकीच्यांच्या पानातलं कमी होईल की जास्त? सिअ‍ॅटल आपला वाटा आपण घेऊन येतं. पुलमन आणत नाही.

बऱ्याच जणांना हे इथेच संपतं असं वाटतं. "बाजार आहे, काय करणार?" असं म्हणून ते वाटी पुढे करतात. मला हे अजिबात मान्य नाही, आणि खरं तर तेवढ्यासाठीच मी हे लिहायला बसले.

विस्कॉन्सिनमध्ये ग्रीन बे नावाचं लाखभर वस्तीचं शहर आहे. तिथला पॅकर्स संघ व्यावसायिक एनएफएलमध्ये न्यूयॉर्क, शिकागो आणि लॉस एंजेलिसच्या बरोबरीने खेळतो, सामान्य चाहतेच त्याचे भागधारक आहेत, आणि राष्ट्रीय प्रक्षेपणाच्या पैशांतला त्याचा वाटा न्यूयॉर्कच्या संघाएवढाच असतो. बाजाराच्या नियमाने ग्रीन बे कधीच पुसलं जायला हवं होतं. ते टिकलं, कारण 1961 मध्ये अमेरिकी काँग्रेसने क्रीडा प्रक्षेपणाचा एक कायदा केला आणि अध्यक्ष केनेडींनी त्यावर सही केली. व्यावसायिक लीगमधल्या सगळ्या संघांनी आपले हक्क एकत्र विकले तर तो मक्तेदारीचा गुन्हा ठरणार नाही, असं त्यात म्हटलं होतं. आपल्याकडे आयपीएलचे 2023 ते 2027 चे हक्क बीसीसीआयने 48,390 कोटी रुपयांना एकगठ्ठा विकले आणि त्यातून सगळ्या संघांना वाटा मिळतो, तसंच काहीसं.

ही सवलत कॉलेजांना नव्हती. तेव्हा तिची गरजही कुणाला वाटली नसावी, कारण कॉलेज फुटबॉलचं प्रक्षेपण एनसीएए ही देशभराची संघटना स्वतःच्या मुठीत ठेवून होती. दोन वर्षांत कुठल्याही कॉलेजने जास्तीत जास्त सहा वेळा टीव्हीवर दिसायचं, असा तिचा दंडक. ओक्लाहोमा आणि जॉर्जिया या बड्या विद्यापीठांना ते जाचक वाटलं आणि ती कोर्टात गेली. 27 जून 1984 रोजी सर्वोच्च न्यायालयाने 7 विरुद्ध 2 मतांनी निकाल दिला: हा व्यापारावरचा बेकायदा निर्बंध आहे, ज्याचे हक्क त्याने विकावेत. बहुमताचा निकाल न्यायमूर्ती जॉन पॉल स्टीव्हन्स यांनी लिहिला. विरोधात लिहिलं ते बायरन व्हाइट यांनी. हे व्हाइट तरुणपणी कोलोरॅडो विद्यापीठाचे गाजलेले फुटबॉलपटू होते आणि पुढे व्यावसायिक फुटबॉलही खेळले होते. शिक्षणसंस्थांच्या खेळाला निव्वळ धंदा समजून त्याला धंद्याचा कायदा लावणं चूक आहे, हे त्यांच्या विरोधाचं सार. त्या नऊ जणांत हा खेळ आतून पाहिलेला माणूस तोच होता, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

एनसीएएची मक्तेदारी चांगली होती असं मी म्हणत नाही. सहा वेळांचा दंडक लहान कॉलेजांच्या भल्यापेक्षा संघटनेच्या सत्तेसाठीच जास्त उपयोगी होता. पण ती मोडताना तिच्या जागी एकत्र विक्रीची आणि सारख्या वाटणीची दुसरी सोय कुणी केली नाही. 1961 मध्ये व्यावसायिक संघांना जे मिळालं ते 1984 नंतर कॉलेजांना मिळालं असतं, तर पुलमनचंही ग्रीन बे झालं असतं. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे.

पुढचं भराभर सांगते. 1991 पासून नोत्र दाम विद्यापीठाने एनबीसी वाहिनीशी स्वतंत्र करार केला. टेक्सासभोवतीची जुनी साउथवेस्ट कॉन्फरन्स 1996 मध्ये मोडली. 2007 मध्ये बिग टेन या बड्या कॉन्फरन्सने फॉक्सच्या भागीदारीत स्वतःची वाहिनी काढली आणि 2014 मध्ये मेरिलँड व रटगर्स यांना आत घेतलं. ही दोन्ही विद्यापीठं फुटबॉलमध्ये फार मोठी नव्हती. पण एक वॉशिंग्टन डीसीजवळ, दुसरं न्यूयॉर्कजवळ, आणि त्या परिसरातली लाखो घरं केबलच्या बिलातून वाहिनीचे पैसे भरणार होती, सामना बघोत न बघोत. मग लोक केबलची जोडणी बंद करायला लागले आणि गणित पालटलं. आता कोण किती प्रेक्षक खेचतो हे बघणं आलं, म्हणजे मोठ्या नावांची ओढाताण. जुलै 2021 मध्ये टेक्सास आणि ओक्लाहोमाने एसईसी या दुसऱ्या बड्या कॉन्फरन्सकडे जायचं ठरवलं. 30 जून 2022 रोजी लॉस एंजेलिसची दोन्ही विद्यापीठं, यूएससी आणि यूसीएलए, बिग टेनला जाणार असल्याची बातमी आली. दोनच महिन्यांत बिग टेनने फॉक्स, सीबीएस आणि एनबीसीशी सात वर्षांचा 700 कोटी डॉलरहून मोठा करार केला.

पॅक-12 ही बिचारी होती असंही नाही. 2012 मध्ये तिने कुणाही भागीदाराशिवाय आपली वाहिनी काढली आणि डायरेक्टटीव्ही या उपग्रह सेवेवर ती कधीच आणू शकली नाही. आमच्याच भागातल्या कित्येक घरांना आमचे सामने दिसत नसत. पुढचा करार करताना वेळ घालवला, तेवढ्यात बिग 12 या दुसऱ्या कॉन्फरन्सने दर कॉलेजला वर्षाला सरासरी 3.17 कोटी डॉलर मिळतील असा करार पदरात पाडून घेतला. आमच्या हाती उरला स्ट्रीमिंगसाठीचा अ‍ॅपलचा प्रस्ताव. त्यातली हमीची रक्कम याहून कमी होती आणि बाकीचं किती वर्गणीदार मिळतील त्यावर. 4 ऑगस्ट 2023 च्या सकाळी त्यावर सह्या होतील अशी अपेक्षा होती. त्याच दिवशी वॉशिंग्टन आणि ऑरेगन बिग टेनला गेले, तेही सुरुवातीला साधारण निम्म्या वाट्यावर. संध्याकाळपर्यंत अ‍ॅरिझोना, अ‍ॅरिझोना स्टेट आणि युटा बिग 12 च्या वाटेला लागले होते. कोलोरॅडो आठवडाभर आधीच गेलं होतं. सप्टेंबर उजाडला तो स्टॅनफर्ड आणि बर्कली अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्समध्ये, हीच बातमी घेऊन. पॅसिफिकच्या काठावरची दोन विद्यापीठं, पूर्ण वाटा नसतानाही, अटलांटिक किनाऱ्याच्या गटात. त्यांच्याबरोबर डॅलसच्या एसएमयू विद्यापीठाने तर नऊ वर्षं टीव्हीचे पैसेच न घेण्याचं कबूल केलं.

आम्ही दोघे कोर्टात गेलो आणि कॉन्फरन्सचा कारभार व तिची मालमत्ता आमच्याकडे राहिली. दोन कॉलेजांची कॉन्फरन्स! 1 जुलै 2026 पासून बॉइझी स्टेट, फ्रेस्नो स्टेट, सॅन डिएगो स्टेट, कोलोरॅडो स्टेट, युटा स्टेट, टेक्सास स्टेट आणि स्पोकेनचं गोंझागा यांना घेऊन नवी पॅक-12 उभी करायचं ठरलं. ज्यांनी ती उभी करण्यासाठी कष्ट घेतले त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. पण पूर्वी वर्षाला तीन कोटी डॉलरहून जास्त यायचे, तसे येणार नाहीत. 2024 च्या हंगामानंतर आमचे प्रशिक्षक वेक फॉरेस्टला गेले आणि मुख्य क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून खेळ चालवणारा खेळाडू, ओक्लाहोमाला.

सिअ‍ॅटलची मंडळी म्हणतात, "आमचं तर बरं झालं." फुटबॉलचं झालं असेल. पण फुटबॉल गेला की सगळे खेळ त्याच्या मागे जातात. तुमच्या विद्यापीठाच्या सॉफ्टबॉल आणि व्हॉलीबॉलच्या मुली आता रटगर्सला, म्हणजे जवळपास चार हजार किलोमीटरवर, तीन तास पुढच्या घड्याळात खेळायला जातात, आणि परतल्या की वर्ग, प्रयोगशाळा, परीक्षा. फुटबॉलचा संघ आठवड्यातून एकदा खेळतो, यांना आठवड्याला दोन-तीन सामने असतात. मी प्रयोगशाळेचे वर्ग घ्यायचे तेव्हा अशा मुली बसमध्ये अहवाल लिहून आणायच्या. तो प्रवास तेव्हा ऑरेगन नाहीतर कॅलिफोर्नियापर्यंतचा होता.

यातले थोडे पैसे आता खेळाडूंपर्यंत पोचतात, ही एक गोष्ट नक्कीच चांगली झाली. जून 2025 मध्ये कोर्टाने मंजूर केलेल्या तडजोडीनुसार कॉलेजं पहिल्या वर्षी 2.05 कोटी डॉलरपर्यंत थेट खेळाडूंना देऊ शकतात. ज्यांच्या घामावर हे सगळं चाललं त्यांना आधीच मिळायला हवे होते. मात्र ज्यांच्याकडे टीव्हीचे पैसे नाहीत त्यांनी ते आणायचे कुठून?

पुलमनमध्ये याचं उत्तर जून 2025 मध्ये मिळालं. अ‍ॅथलेटिक्सच्या संघातल्या भालाफेक, गोळाफेक, उड्या या मैदानी स्पर्धा बंद झाल्या, वेगवान धावण्याच्या शर्यतींना कात्री लागली आणि मुख्यतः लांब पल्ल्याचे धावपटू राहिले. याच कॉलेजात शिकत असताना केनियाच्या हेन्री रोनोने 1978 मध्ये 81 दिवसांत चार विश्वविक्रम केले होते. लांब पल्ला राहिला याचं समाधान मानावं तर ज्या मुलामुलींना भाला खाली ठेवावा लागला त्यांचं काय? त्यांच्या सामन्याचं प्रक्षेपण कधी झालं नव्हतं, त्यांनी कुठल्या वाहिनीकडे काही मागितलं नव्हतं.

1961 च्या कायद्यात दुरुस्ती करून कॉलेजांनाही हक्क एकत्र विकू द्यावेत, अशी मागणी आता वॉशिंग्टन डीसीपर्यंत पोचली आहे. बड्या कॉन्फरन्सना ती नको आहे, कारण एकत्र विक्रीत त्यांचा वाटा सारखा होण्याची भीती आहे. मी आमच्या प्रतिनिधींना पत्र लिहिलं आहे. तुमच्यातले जे इथले मतदार आहेत त्यांनीही लिहावं, मुलं सिअ‍ॅटलला शिकत असली तरी. आपल्या दोन्ही विद्यापीठांमधला वार्षिक फुटबॉल सामना म्हणजेच अ‍ॅपल कप सध्या फक्त 2028 पर्यंतच्या करारावर चालू आहे, आणि 2027 चा सामना पुलमनला आहे. तेव्हा माझ्याकडे मुक्कामाला या. राहिलेले प्रश्न तिथे विचारा.