टँब्रोलेटिन कशात असतं?

दुपारी आत्याचा मेसेज: 'तांब्याच्या भांड्यातलं टँब्रोलेटिन गुडघ्यात साठतं म्हणे. खरं का रे?' साठतं की नाही, हे शोधण्यात अर्धा तास गेला. मग ट्यूब पेटली, असा पदार्थच नाही! नुसतं 'साठत नाही' म्हणावं तर आत्या विचारणार, 'मग जातं कुठे?'

शब्दकोशवालेही फसलेत, बरं का. वेबस्टरच्या १९३४च्या डिक्शनरीत 'डॉर्ड' म्हणजे घनता, असं छापलं होतं. मूळ चिठ्ठी होती 'डी ऑर डी', म्हणजे घनतेसाठीचं संक्षिप्त अक्षर, मोठं किंवा छोटं. कुणीतरी ते सलग वाचलं. व्युत्पत्तीच दिलेली नाही, हे संपादकाला १९३९मध्ये खटकलं, तेव्हा भांडं फुटलं.

आत्याला फोनवर सगळं रंगवून सांगितलं.

'बरं बरं. तांब्यातलं पाणी पिऊ ना मग?'