रेट फायनल करायला बोलावलं होतं

होळी तोंडावर आली की नवीन काम अंगावर घेऊ नये, असं बाबा म्हणायचे. निम्मी माणसं गावच्या गाडीत बसलेली असतात, उरलेली पिशव्या भरत असतात. तरीही बिल्डरच्या ऑफिसातून "मॅडम, आज रेट फायनल करून टाकू" असा फोन आला, तेव्हा मी गेले. काम पुण्यातल्या सहकारनगरचं होतं. सत्तरच्या दशकातली तीन मजली सोसायटी पाडून खाली पार्किंग, वर अकरा मजले. एकूण बांधकाम चाळीस हजार चौरस फुटांच्या आसपास. आमच्यासारख्या आरसीसी ठेकेदाराला, म्हणजे इमारतीचा सळई-काँक्रीटचा सांगाडा उभा करणाऱ्याला, बरोब्बर झेपेल एवढं.

हिंजवडी-खराडीकडचे सहा-सहा टॉवरचे प्रकल्प आता आमच्या वाट्याला येत नाहीत. तिथे अल्युमिनियमचं सेंट्रिंग, म्हणजे काँक्रीट ओतायचे साचे, चालतं. तेवढा पैसा आधी ओतायचा, तर एकसारखे मजले भरपूर हवेत, आणि ते गणित मोठ्या कंपन्यांनाच जमतं. आम्हाला राहिले बंगले आणि रिडेव्हलपमेंट. बंगल्याचं काम सुखाचं. मालक एक, आणि एकट्या घराच्या निव्वळ मजुरीच्या ठेक्यावर जीएसटी नाही. पण बंगल्यांवर वर्ष निघत नाही. रिडेव्हलपमेंटला मात्र कोथरूडपासून बिबवेवाडीपर्यंत सध्या तोटा नाही. रस्ता नऊ मीटरचा असला की टीडीआर (दुसरीकडून विकत घेतलेला जादा बांधकामाचा हक्क) बसतो आणि सोसायटीच्या सभा सुरू होतात.

टेबलाभोवती बिल्डर, त्यांचा खरेदी बघणारा माणूस आणि, मला अपेक्षा नव्हती, सोसायटीचे सेक्रेटरी. पीडब्ल्यूडीतून निवृत्त झालेले इंजिनिअर. हातात स्वतःची वही.

वर्क ऑर्डरचा मसुदा समोर आला. सळई, सिमेंट, मजुरी सगळं धरून एकच रेट. मुदत तीस महिने. भाववाढ नाही. आरए बिलाचे, म्हणजे झालेल्या कामाच्या टप्प्याटप्प्यानं टाकायच्या बिलाचे, पैसे पंचेचाळीस दिवसांनी. पाच टक्के रिटेन्शन, म्हणजे हमी म्हणून रोखून धरलेली रक्कम, भोगवटा पत्रानंतर वर्षभर अडकलेलं. आणि शेवटच्या पानावर, रेरानं (घर घेणाऱ्यांच्या संरक्षणाच्या कायद्यानं) बिल्डरवर टाकलेली पाच वर्षांची दोषदुरुस्तीची जबाबदारी जशीच्या तशी ठेकेदाराच्या माथी.

"आणि तुमच्यापेक्षा वीस टक्के खाली रेट आलाय," खरेदीवाला म्हणाला. हे वाक्य प्रत्येक ऑफिसात ऐकायला मिळतं. या वेळी मात्र त्यानं खरंच पत्र दाखवलं, वरचं नाव अंगठ्यानं झाकून. (माझा आकडा इथे लिहीत नाही. या धंद्यात वाचणारे सगळे आपलेच असतात.)

बिल्डर मार्केटबद्दल बोलायला लागले. 2025 या एका वर्षात रेपो रेट साडेसहावरून सव्वापाचवर आला, कर्जाचे हप्ते उतरले, फ्लॅट जातायत. सिमेंटवरचा जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून 28 टक्क्यांचा 18 झाला. "मग तुम्ही का नाही खाली येत?"

फ्लॅट जातायत हे खरं आहे. पण रेपो रेट उतरला म्हणून कुठल्या मुकादमानं मला स्वस्तात माणसं दिलेली नाहीत. आणि जीएसटीचं म्हणाल तर सिमेंटवर भरलेल्या कराचं क्रेडिट मला आधीही मिळत होतं, आताही मिळतं. माझा पैसा थोडा कमी अडकतो, इतकंच. मी हे सांगितलं तर खरेदीवाल्यानं ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

सेक्रेटरी काकांनी वही पुढे ओढली. "सळई किती धरलीय?"

"चौरस फुटाला सव्वाचार किलो."

"म्हणजे 170 टन. भाव किलोमागे दहा रुपयांनी चढला तर सतरा लाख." मग बिल्डरकडे वळून, "हे सतरा लाख कोण भरणार?"

"ठेकेदार. तसं लिहिलंय ना."

"लिहिलंय हो. तिच्याकडे नसले तर?"

2022 सालच्या मार्च-एप्रिलमध्ये युक्रेनच्या युद्धानं सळई अशीच भडकली होती. मे महिन्यात सरकारनं पोलाद निर्यातीवर शुल्क लावलं तेव्हा कुठे भाव उतरले. मधल्या काळात एकच रेट बांधून घेतलेल्यांना स्लॅब घरच्या पैशानं टाकावे लागले. काका म्हणाले, सरकारी टेंडरातसुद्धा लांब मुदतीच्या कामाला भाववाढीचं कलम असतं, तुम्ही सरकारपेक्षा कडक निघालात.

मग त्यांनी ते वीस टक्के खालचं पत्र मागितलं आणि मला म्हणाले, "बघा जरा, हा कुठे वाचवतोय?"

पानभर मजकूर होता. दर दहा दिवसांनी एक स्लॅब. त्याखाली, सेंट्रिंग प्लेटा आणि टेकू एका मजल्याचे. मी नकाशा उघडला. पार्किंगवरच्या बीमचा गाळा, म्हणजे दोन आधारांमधलं अंतर, सव्वासहा मीटर. काँक्रीटच्या कामाचं भारतीय मानक आयएस 456, त्याप्रमाणे सहा मीटरच्या वरच्या बीमखालचे टेकू एकवीस दिवस हलवायचे नसतात. साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबखालचे सात दिवस. एकच संच असेल आणि दहाव्या दिवशी वरचा मजला ओतायचा असेल, तर टेकू येणार कुठून? खालूनच. वीस टक्के तिथे होते. मी बोटानं ती ओळ दाखवली, काकांनी पेन्सिलीनं भोवती गोल केला आणि बिल्डरकडे सरकवला. "या इमारतीत मी राहणार आहे," एवढंच म्हणाले.

याच काकांना मी पुढे असंही सांगितलं की गर्दीच्या वेळी शहरात जड वाहनांना बंदी असते, रात्री दहानंतर आवाज करता येत नाही, त्यामुळे काँक्रीटचे मिक्सर ट्रक दुपारच्या तीन-चार तासांतच येणार. एखादी गाडी सिंहगड रस्त्यावर अडकली की पंचवीस माणसं फावडी टेकून उभी, हजेरी चालू. तक्रारी तुमच्याच गल्लीतून येतील, त्या तुम्ही निस्तरा. ते हसले, पण वहीत लिहून घेतलं.

बिल्डरला मी खलनायक करत नाही. त्याचीही कोंडी आहे. ग्राहकांकडून येणाऱ्या पैशातले सत्तर टक्के रेराच्या वेगळ्या खात्यात, जुन्या सभासदांना दर महिन्याला भाडं, आणि विकायला मिळणारे फ्लॅट निम्मेच. मग पैसा कुठून खेचायचा? ठेकेदाराच्या बिलातून. बिनव्याजी कर्ज देणारी इतकी सोपी बँक दुसरी नाही. आज पुण्यात घरं बांधणाऱ्या लहान ठेकेदाराला कामाची वानवा नाही, फक्त प्रत्येक नवं काम म्हणजे आपणच कुणाला तरी दिलेली उधारी आहे. विक्रीचे आकडे बघून जो चार कामं एकदम उचलतो, तो पाचव्या महिन्यात हजेरी वाटायला सोनं गहाण ठेवतो. अशी माणसं मी पाहिली आहेत, चांगले कारागीर होते.

संध्याकाळपर्यंत घासाघीस चालली. सळई-सिमेंट बिल्डरनं स्वतः द्यायचं ठरलं. मजुरीचा रेट बारा महिन्यांनी पुन्हा बसवायचा. पाच वर्षांची जबाबदारी आमच्या कामातल्या दोषापुरती, वॉटरप्रूफिंग-प्लंबिंगची नाही. निम्मं रिटेन्शन भोगवटा पत्राला. सेंट्रिंग अडीच मजल्यांचं, आणि त्याचा खर्च रेटमध्ये. पंचेचाळीस दिवस मात्र एक दिवसही हलले नाहीत. आगाऊ रकमेचा विषय मी काढला तेव्हा बिल्डर घड्याळ बघायला लागले.

खाली येऊन मुकादमाला फोन लावला. तो बिदरकडचा, बाबांच्या वेळेपासूनचा.

"ताई, काम मिळालं का?"

"मिळालं. होळीनंतर चाळीस माणसं लागतील."

"मिळतील की. पण उचल होळीच्या आधी द्यावी लागेल. नाहीतर माणसं गावाहून थेट हैदराबादला जातात, तिकडं टॉवर जोरात चाललेत."

"किती?"

त्यानं माणशी पंधरा हजार सांगितले. मी दहावर आणले. चार लाख, आणि पहिलं आरए बिल जूनच्या आधी हातात पडत नाही. भूगावला आमचं बंगल्याचं काम चालू आहे, त्या मालकांना प्लिंथच्या (जोत्याच्या) हप्त्याची आठवण करायची होती, ती तिथूनच, गाडीत बसल्या बसल्या केली.