२.८८

जुलैतला शनिवार. बाहेर पाऊस सकाळपासून एका लयीत कोसळत होता आणि आत, आमच्या कोल्हापूरच्या क्वांटम ऑप्टिक्सच्या खोलीत, दिवे बंद, दाराला आतून कडी, संगणकाच्या पडद्यावर काळं कापड. डिटेक्टर चालू असताना ट्यूबलाइट लागली तर एकेक फोटॉन मोजणारे ते नाजूक डायोड कायमचे जाऊ शकतात, म्हणून कडीच्या बाबतीत मी कुणाचंच ऐकत नाही. विभागप्रमुखांनाही बाहेर थांबावं लागतं.

माझ्या पीएचडीच्या विद्यार्थ्याने कापडाखाली डोकं घालून आकडेमोड संपवली आणि तिथूनच ओरडला, "मॅडम, दोनच्या वर गेलं! नाद खुळा! दोन पूर्णांक अठ्ठ्याऐंशी!"

ज्यांचा या विषयाशी रोजचा संबंध नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्या टेबलावर ४०५ नॅनोमीटरचा जांभळा लेझर बीटा बेरियम बोरेटच्या (बीबीओ) दोन पातळ स्फटिकांवर पडतो. स्फटिक एकमेकांना जोडलेले, एक दुसऱ्याच्या मानाने ९० अंशांनी फिरवलेला. अब्जावधी फोटॉनांतला एखादाच तिथे मोडतो आणि त्याचे दोन होतात, प्रत्येकी ८१० नॅनोमीटरचे. एक डावीकडे जातो, एक उजवीकडे. दोघांच्या वाटेत एकेक पोलरायझर, म्हणजे ठरावीक दिशेत कंप पावणाराच प्रकाश पुढे सोडणारी गाळणी, त्यामागे एकेक डिटेक्टर. दोन्ही डिटेक्टर एकाच वेळी वाजले की ती एक जोडी धरायची.

या जोडीतल्या फोटॉनांचं ध्रुवण, म्हणजे कंपनाची दिशा, निघतानाच ठरलेलं असतं का? या प्रश्नाचं मूळ १९३५ सालच्या आइन्स्टाईन, पोडोल्स्की आणि रोझेन यांच्या लेखात आहे. १९६४ मध्ये जॉन बेलने तो वादातून बाहेर काढून मोजता येईल असा केला. पुढे १९६९ मध्ये क्लॉसर, हॉर्न, शिमोनी आणि होल्ट यांनी त्याला प्रयोगशाळेला पेलेल असं सूत्र दिलं. पोलरायझरच्या चार कोनजोड्या घ्या, मोजणी करा, त्यातून एस नावाची एक राशी काढा. गुणधर्म आधीच ठरलेले असतील आणि इकडचं तिकडे कळत नसेल, तर एस २ च्या वर जाऊच शकत नाही. क्वांटम यांत्रिकी म्हणते, जाईल. क्लॉसर, आस्पे आणि झायलिंगर यांना २०२२ चं नोबेल मिळालं ते याच वाटेवरच्या कामासाठी.

तेव्हा आम्ही जगाला नवीन काही सांगणार नव्हतो. हे मला आधीच माहीत होतं आणि त्याचं मला काडीचंही कमीपण वाटत नाही. दुसऱ्याने केलेला प्रयोग स्वतःच्या हाताने पुन्हा उभा करून त्याचं उत्तर स्वतःच्या डोळ्यांनी पाहणं, हे संशोधनाचं पहिलं शिक्षण आहे असं मी मानते. राष्ट्रीय क्वांटम मिशनला २०२३ च्या एप्रिलमध्ये मंजुरी मिळाली, ६,००३ कोटींहून अधिक रकमेची. त्यातली मोठी केंद्रं मुंबई, दिल्ली, चेन्नई, बंगळूरला उभी राहिली आणि ते योग्यच आहे. पण त्या केंद्रांत उद्या काम करणारी पोरं कुठून येणार? ती कागलहून, गडहिंग्लजहून, शिरोळहून येणार असतील तर इथल्या एखाद्या टेबलावर त्यांचे हात आधी बसायला हवेत.

ते टेबल उभं करताना उद्यमनगरचा मोठा हात लागला. परदेशी माउंटच्या किमती पाहून मी चित्रं काढली आणि शिवाजी उद्यमनगरातल्या एका लेथवाल्या मामांकडे गेले. आयुष्यभर इंजिनांचे भाग आणि पंपांचे शाफ्ट केलेला माणूस. चित्र उलटसुलट करून बघत त्यांनी विचारलं, "ह्यात काय बसणार?" म्हटलं, प्रकाश जाणार, एवढुशा छिद्रातून, पण दोन्ही बाजूंची उंची तंतोतंत सारखी हवी. "मग दोन्ही एकाच सेटिंगला काढायला लागतील. एक काढून मग दुसरा काढला तर फरक पडणारच," म्हणाले. हे वाक्य मी नंतर कितीतरी विद्यार्थ्यांना ऐकवलं आहे. दोन्ही ठोकळे त्यांनी एकत्र आवळून, एकाच बैठकीत भोक पाडून दिले. त्यावर काळं ॲनोडायझिंग एमआयडीसीतून करून घेतलं. आजही डावी-उजवी बाजू जुळवायला आम्हाला फार झटावं लागत नाही, ते त्यामुळेच.

तर, २.८८. त्रुटी साधारण ०.०२. विद्यार्थ्याचा चेहरा अंधारातही उजळलेला कळत होता. एमएस्सीची एक मुलगी प्रकल्पासाठी आमच्याबरोबर बसायची, ती मात्र वहीत काहीतरी खरडत होती. ती हळूच म्हणाली, "पण मॅडम, हे २.८२८ च्या पण वर आहे ना?"

खोलीत एकदम शांतता पसरली.

क्वांटम यांत्रिकी एसला २ च्या वर जाऊ देते, पण तिलाही एक छप्पर आहे: दोन गुणिले दोनचं वर्गमूळ, म्हणजे २.८२८. बोरिस त्सिरेलसनने १९८० मध्ये ते सिद्ध केलं. आमचा आकडा सगळं आधीच ठरलेलं असतं म्हणणाऱ्या आइन्स्टाईनच्या बाजूचा नव्हता आणि क्वांटम यांत्रिकीची बाजू लढवणाऱ्या नील्स बोरच्याही बाजूचा नव्हता. तो कुणाच्याच निसर्गात बसत नव्हता.

"मॅडम, त्रुटी धरली तर जवळपास तेवढंच येतंय की," तो म्हणाला. मोह मोठा होता, मलाही समजत होतं. दोनच्या वर जायचं होतं, गेलो होतो. थोडं जास्तच गेलो, एवढंच. पण आपल्याला हवा असलेला आकडा आला की त्याची जास्त कसून उलटतपासणी करायची, हा माझ्या खोलीतला नियम आहे.

तेवढ्यात त्याचा फोन थरथरला. घर प्रयाग चिखलीत. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांच्या इशारा पातळीकडे सरकत होती आणि धाकटा भाऊ सांगत होता, "दादा, म्हशी सोनतळीला न्यायच्यात, आजच ये." २०१९ आणि २०२१ चा पूर पाहिलेल्या घरात असल्या फोनवर विचार करत बसत नाहीत. मी त्याला लगेच जायला सांगितलं. दारातून वळून तो म्हणाला, "मॅडम, मी येईपर्यंत थांबाल?"

थांबलो. मोजणी त्याची होती, तिची तपासणीही त्याच्यासमोरच व्हायला हवी होती. डिटेक्टर बंद केले, स्फटिकाशेजारची सिलिका जेल बदलली (आपल्याकडच्या पावसाळी हवेत बीबीओ उघडा ठेवला तर त्याचा पृष्ठभाग ओल धरतो) आणि कुलूप लावलं.

पाणी ओसरल्यावर तो परत आला, डोळ्यांत अपुरी झोप, घर आणि जनावरं सुखरूप. आम्ही तिघं वहीवर बसलो. पोलरायझर फिरवत घेतलेल्या जुन्या नोंदींत एक जागा अशी असते जिथे जोड्या जवळजवळ शून्यावर येतात. तिथे मुळात सेकंदाला १५ जोड्या होत्या. दुरुस्तीनंतरच्या रकान्यात उणे ३.

उणे तीन जोड्या मोजता येत नाहीत. दुरुस्तीच जास्तीची होत होती.

ही दुरुस्ती कसली? सीबीएसवर, म्हणजे मध्यवर्ती बस स्थानकावर, दोन वेगवेगळ्या एसट्यांतून दोन अनोळखी माणसं एकाच क्षणी उतरली तर लांबून ती एकमेकांच्या सोबतीची वाटतात. तसेच दोन वेगवेगळ्या जोड्यांतले फोटॉन योगायोगाने एकाच वेळी दोन्ही डिटेक्टरांत पोचतात आणि जोडी म्हणून मोजले जातात. ते वजा करायचे असतात. किती, हे गणिताने निघतं: दोन्ही बाजूंचे दर गुणिले 'एकाच वेळी'ची खिडकी. आमच्याकडे प्रत्येक बाजूला सेकंदाला सुमारे ३०,००० फोटॉन आणि मोजणी यंत्राच्या माहितीपुस्तिकेत खिडकी २० नॅनोसेकंद. म्हणजे सेकंदाला १८ योगायोग.

मग ते प्रत्यक्षच मोजायचं ठरवलं. विभागाच्या भांडारात कोॲक्सिअल केबलचं जुनं वेटोळं होतं. केबलमधून स्पंद प्रकाशाच्या साधारण दोन तृतीयांश वेगाने जातो, म्हणजे मीटरला सुमारे ५ नॅनोसेकंद. २० मीटर केबल फक्त एका बाजूला जोडली की त्या बाजूचा स्पंद १०० नॅनोसेकंद उशिरा पोचतो. खरी जोडी खिडकीत येऊच शकत नाही. जे मोजलं जाईल ते सगळे योगायोगच. मुलीने टोकांना बीएनसी कनेक्टर बसवले, त्याने केबल जोडली, कडी लावली, कापड ओढलं.

आकडा ९ वर येऊन थांबला. पुन्हा घेतला, बाजू बदलून घेतला. नऊच.

यंत्राची खरी खिडकी १० नॅनोसेकंदांची होती. आम्ही दुप्पट योगायोग वजा करत होतो आणि त्यामुळे खरा सहसंबंध फुगून छपराबाहेर गेला होता. बरोबर दुरुस्ती केली तर एस २.७१ येत होता. पण मी विद्यार्थ्याला म्हटलं, काहीच वजा करू नकोस. कच्च्या मोजणीतून काढ.

आला २.५५.

त्रुटी तेवढीच, ०.०२. म्हणजे दोनपासून त्रुटीच्या वीसपटीहून अधिक लांब, आणि एकही आकडा वजा न करता. मी प्रबंधात हाच मुख्य आकडा ठेवायला सांगितला. ज्याला शंका घ्यायची आहे त्याला दुरुस्तीवर बोट ठेवायला जागाच राहू नये. आमच्या टेबलावर बेलच्या कसोटीतल्या सगळ्या पळवाटा, म्हणजे निकालाचं दुसरं काही कारण सांगता येईल अशा फटी, बंद होत नाहीत. डिटेक्टर प्रत्येक फोटॉन पकडत नाहीत आणि दोन्ही बाजूंत अंतर हातभराचं आहे. त्या वाटा २०१५ मध्ये मोठ्या प्रयोगशाळांनी बंद केल्या. हेही प्रबंधात स्पष्ट लिहिलं आहे.

त्या संध्याकाळी तिघंही मिसळ खायला गेलो. वाटेत उद्यमनगरात थांबून मामांना सांगितलं. त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "उंची जुळली न्हवं?"

आता हा प्रयोग एमएस्सीच्या प्रात्यक्षिकात आहे. त्यातलं पहिलं काम म्हणजे लांब केबल जोडून योगायोग मोजणं. माहितीपुस्तिका कपाटात असते, ती मोजणीनंतर बघायची. पोलरायझरच्या कोनांना हात लावायची परवानगी त्याच्याही नंतर मिळते.