दिघोरी ते उमरेड, आणि बॉनेटवरची फिल्म

जुनी गाडी विकायच्या आदल्या रविवारी मी खडू घेऊन तिच्या बॉनेटसमोर बसले. जिथे जिथे रंगाचा टवका उडालेला दिसला, तिथे खडूने गोल काढत गेले. ६१ भरले. बंपर मोजायला घेतला आणि सोडून दिला, तिथे टवक्यांवरच टवके होते.

नऊ वर्षं मी नागपूरच्या दिघोरीहून उमरेडला कॉलेजमध्ये शिकवायला जाते. जायला ४५ किलोमीटर, यायला ४५. हा रस्ता कोळशाच्या टिप्परांचा. पुढच्या टिप्परच्या मागच्या चाकांत गिट्टीचा खडा अडकलेला असतो, वेग वाढला की तो सुटतो आणि 'टक्' असा आवाज येतो. ज्यांनी हा आवाज ऐकला आहे त्यांना मी काय म्हणते ते कळेल. खडा रंग फोडून पत्र्यापर्यंत गेला की उन्हाळाभर काही दिसत नाही. मृगाचा पाऊस पडला की आठ दिवसांत त्या टिंबाभोवती तपकिरी कडा येते. मी रसायनशास्त्र शिकवते. बारावीच्या पोरांना लोखंड गंजण्याची क्रिया समजावताना दोनदा सगळा वर्ग पार्किंगमध्ये नेऊन हेच बॉनेट दाखवलं आहे.

म्हणजे रंग वाचवायला त्यावर चिकटवतात ती पारदर्शक फिल्म हा माझ्यासाठी हौसेचा विषय कधीच नव्हता.

पहिला प्रयत्न सहा वर्षांपूर्वीचा, आणि तो फसला. शहरातल्या एका दुकानात १२,००० रुपयांत 'लॅमिनेशन' करून दिलं. काय लावलं हे मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. ती पीव्हीसीची साधी पारदर्शक फिल्म होती. दोन उन्हाळे झाले आणि पांढरी गाडी पुढून पिवळट दिसायला लागली, जुन्या प्लास्टिकच्या बादलीसारखी. ती काढायला गेले तेव्हा डाव्या फेंडरवरचा, म्हणजे पुढच्या चाकावरच्या पत्र्याचा, रंगच फिल्मसोबत सोलून आला. तो फेंडर आधी एकदा ठोकला गेला होता आणि बाहेर रंगवून घेतलेला होता. कंपनीतला रंग भट्टीत पक्का झालेला असतो, बाहेरचा रंग अनेकदा तितकी पकड धरत नाही. शिवाय बॉनेटच्या कडेने केसासारखी एक सरळ रेघ दिसली. फिल्म गाडीवरच ठेवून कटरने कापली होती, आणि पातं रंगात गेलं होतं. पुढे त्या रेघेवरही गंज चढला.

नवी गाडी घेतली ती गडद निळी. घरी आली त्याच संध्याकाळी भाचा म्हणाला, "मावशी, काचा काळ्या करू, छत काळं करू, एकदम भारी दिसन." शोरूममधल्या माणसाने सिरॅमिक कोटिंगचा आग्रह धरला होता. शेजारचे काका म्हणाले, टेफ्लॉन करून टाका. एकाच गोष्टीला सगळ्यांनी वेगवेगळी नावं दिल्यासारखं वाटत होतं, पण या साऱ्या वेगळ्या गोष्टी आहेत.

सिरॅमिक कोटिंग हा सिलिकावर आधारलेला द्रव असतो. तो रंगावर पुसून लावतात आणि तो घट्ट होतो. थर इतका पातळ की डोळ्याला दिसत नाही. त्यावर पाणी टिकत नाही, धूळ धरत नाही, गाडी धुवायला निम्मा वेळ लागतो. चांगली वस्तू आहे, मी पुढे उरलेल्या गाडीला लावलंही. पण त्यावर जो '९एच' असा कडकपणा लिहिलेला असतो तो पेन्सिलच्या टोकाने ओरखडून बघायच्या चाचणीतला. ऐंशीच्या वेगाने येणाऱ्या गिट्टीपुढे त्याचा काही उपयोग नाही.

भाचा छतासाठी म्हणत होता तो रॅप. रॅप म्हणजे विनाइल या प्लास्टिकची रंगीत फिल्म. ती रंग बदलण्यासाठी असते, रंगाचं थोडंफार रक्षण हा वरचा फायदा. यात कास्ट आणि कॅलेंडर्ड असे दोन प्रकार येतात, आणि नागपुरात हा फरक माहीत असायलाच हवा. कॅलेंडर्ड फिल्म गरम रुळांतून दाबून, ताणून काढलेली असते. तिच्यात तो ताण शिल्लक राहतो, आणि ऊन लागलं की ती आकसून कडा सोडते. कास्ट फिल्म पातळ द्रव पसरवून, वाळवून बनवतात. तिच्यात ताण जवळपास नसतो, म्हणून वळणांवर ती बसलेली राहते. महाग असते, पण या शहरात मे २०१३ मध्ये पारा ४७.९ अंशांवर गेलेला आहे. इथे स्वस्त विनाइल लावणं म्हणजे पैसे उन्हात वाळत घालणं.

छत काळं करायला मी ठाम नाही म्हटलं. निळा रंगच पुरेसं ऊन पितो, त्यात डोक्यावर काळा पत्रा कशाला? सगळ्या गाडीचा रंग बदलायचा तर आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायची. आरसीवर गाडीचा रंग लिहिलेला असतो. तो बदलला तर आरटीओकडे नोंद करावी लागते आणि विमा कंपनीलाही कळवावं लागतं, नाहीतर क्लेमच्या वेळी तेच आडवं येतं. भाच्याचं मन राखायला दोन्ही आरशांच्या टोप्यांना काळं चकचकीत विनाइल लावू दिलं. दिसतंही छान.

काचांचं मात्र त्याला बसवून समजावलं. २७ एप्रिल २०१२ ला सुप्रीम कोर्टाने काचांवर फिल्म चिकटवायला मनाई केली. मोटार वाहन नियमांप्रमाणे पुढच्या आणि मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के प्रकाश आरपार जायला हवा. २०२१ पासून प्लास्टिकचा थर असलेली सेफ्टी ग्लेझिंग नियमात आली, आणि २०२४ मध्ये केरळ हायकोर्टाने ७०-५० पाळणाऱ्या फिल्मला हरकत घेता येणार नाही असं म्हटलं. पण तो निकाल हातात धरून नागपूरच्या चौकात ट्रॅफिक हवालदाराशी रोज वाद घालायची माझी तयारी नाही. मी काचांना काही लावलं नाही. आणि काळं म्हणजे थंड हा समजच चुकीचा आहे. उन्हातली जवळपास निम्मी उष्णता डोळ्याला न दिसणाऱ्या इन्फ्रारेड किरणांतून येते. काच कितीही काळी दिसली तरी हे किरण अडले नाहीत तर आतलं स्टिअरिंग तापायचं ते तापतंच. उभ्या गाडीत पुढच्या काचेमागे चंदेरी सनशेड उघडून ठेवते. कॉलेजच्या पार्किंगमध्ये कडुलिंबाखाली जागा मिळते, पण तिथे कावळे. त्यांच्या विष्ठेतलं युरिक आम्ल तापलेल्या रंगावर दुपारभर राहिलं की डाग कायमचा उमटतो. मी डिकीत पाण्याची स्प्रे बाटली आणि मऊ कापड ठेवते, आणि आधी भिजवून मग उचलते. कोरडं घासणं म्हणजे पॉलिश पेपर मारणं.

गिट्टीसाठी खरं काम करते ती पीपीएफ, पेंट प्रोटेक्शन फिल्म. थर्मोप्लास्टिक पॉलियुरेथेन, म्हणजे टीपीयू. जाडी साधारण २०० मायक्रॉन, म्हणजे ०.२ मिलिमीटर, विनाइलच्या दुप्पट. व्हिएतनाम युद्धाच्या काळात अमेरिकन हेलिकॉप्टरच्या पात्यांना वाळू-खड्यांपासून वाचवायला अशी फिल्म वापरात आली. तिच्या रेणूसाखळीत कडक आणि मऊ असे तुकडे आलटून पालटून असतात. खडा आदळला की मऊ तुकडे ताणतात आणि धक्का पसरवून जिरवतात, कडक तुकडे फिल्मला परत जागेवर आणतात. वरच्या थरातले बारीक ओरखडे उन्हाने भरूनही येतात. आरपार कापलं गेलं तर मात्र भरत नाही.

पूर्ण गाडीचा भाव १,१५,००० सांगितला. मी फक्त बॉनेट, पुढचा बंपर, दोन्ही फेंडर, हेडलाइट, दाराच्या मुठींमागच्या वाट्या आणि डिकीखालची कड एवढंच करून घेतलं, ४२,००० मध्ये. खडे समोरून येतात. छताला आणि मागच्या दारांना ही फिल्म लावून माझ्या रस्त्यावर मला काही मिळणार नव्हतं.

दुकान मानेवाड्याजवळचं, छोटं. तिथला फिटर काटोलचा, वय पंचविशीचं. दोन दिवस मी तिथे प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून त्याचं काम बघितलं. आधी गाडी धुतली. मग त्याने हातात पातळ प्लास्टिकची पिशवी घातली आणि माझाही हात पिशवीत घालून बॉनेटवरून फिरवायला लावला. डोळ्याला आरशासारखं दिसणारं नवं बॉनेट बोटांना बारीक रव्यासारखं लागलं. "नवीन गाडी आहे ना ही?" मी विचारलं. "नवीनच असते ताई, पण यार्डात उभी राहते ना." मग क्ले बार, निळ्या मळलेल्या कणकेसारखा गोळा, साबणाच्या पाण्यावरून फिरवत गेला. गोळा उलटा करून दाखवला तर करडा झाला होता.

घड्याळ, अंगठी काढून ठेवली. पट्ट्याच्या बकलवर कापड बांधलं. फरशी भिजवली, धूळ बसावी म्हणून. फिल्म मशीनवर गाडीच्या मापाने आधीच कापलेली होती, पातं रंगाजवळ न्यायचंच नव्हतं. हे बघून मला माझं जुनं बॉनेट आठवलं आणि गळा दाटून आला. बॉनेटवर बेबी शाम्पूचे थेंब घातलेलं पाणी फवारलं, फिल्मची चिकट बाजूही भिजवली, आणि दोघांनी चार कोपरे धरून ती चादरीसारखी अलगद सोडली. मग मधून कडेकडे रबराच्या पट्टीने पाणी काढणं. प्रत्येक हात आधीच्या हातावर निम्मा चढलेला. कोपऱ्यांत अल्कोहोल मिसळलेलं पाणी, तिथे पकड लगेच यावी म्हणून. बंपरच्या वळणावर ताण जास्त झाला की फिल्ममध्ये बोटांसारख्या रेघा उमटतात. तो थांबायचा, हीट गन दोन सेकंद, परत सोडायचा, परत ओढायचा.

बॉनेट जवळपास पूर्ण बसलं आणि लोगोच्या वर त्याला एक कण दिसला. मोहरीच्या दाण्याच्या चौथाईएवढा. मला तर बोट ठेवून दाखवावा लागला. मी म्हटलं, राहू द्या, कोणाला दिसतंय. तो म्हणाला, "आज तुम्हाला नाही दिसून राहिला ताई. उद्यापासून रोज दिसन." अर्धी फिल्म मागे उचलली, धुतली, कण काढला, पुन्हा घातली. पाऊण तास गेला. पैसे तेवढेच होते.

म्हणून कोणी विचारलं की कोणत्या कंपनीची लावू, तर मी आधी विचारते, लावणारा कोण आहे? त्याचं काम दोन तास उभं राहून बघा. रोलचा खोका तुमच्यासमोर उघडायला सांगा आणि त्यावरचा नंबर वॉरंटी कार्डाशी जुळवून घ्या. पिवळं पडणं वॉरंटीत आहे का, हे कागदावर बघा. गाडीचा कुठला भाग पुन्हा रंगवलेला असेल तर तो आधीच सांगा, लपवू नका.

आठ दिवस गाडी धुवायची नाही असं बजावलं होतं. कडेला तांदळाएवढे पाण्याचे फुगे दिसत होते, ते आठ-दहा दिवसांच्या उन्हात आपोआप गेले.

या मे महिन्यात पाचगावच्या पुढे टिप्परमागे होते. टक्. मी गाडी बाजूला घेतली, उतरले. उजव्या हेडलाइटच्या वर, बॉनेटच्या कडेला, नखाएवढा पांढुरका ठसा. नखाने दाबून बघितलं, फिल्म खरबरीत झाली होती. खालचा निळा रंग तसाच होता. मी तिथेच उन्हात उभी राहून दोनदा बोट फिरवलं, आणि मग कॉलेजला उशीर होतोय हे आठवलं.

बंपरच्या डाव्या कोपऱ्यात, फॉग लॅम्पखाली, फिल्मची कड जरा उचलली आहे. तिथे धूळ जाऊन काळी रेघ दिसते. शनिवारी मानेवाड्याला जाऊन दाखवायची आहे.