चरित्र मधूनच वाचायला घ्यावे

चरित्रग्रंथाचे पहिले प्रकरण मी हल्ली सर्वांत शेवटी वाचतो. घराण्याचा इतिहास, मूळ गाव, आईवडिलांचे संस्कार आणि लहानपणीच दिसलेली कर्तृत्वाची चुणूक हा क्रम बहुतेक चरित्रांत ठरलेला असतो. मुलाचे पाय पाळण्यात दिसतात ही म्हण आपल्या चरित्रकारांनी इतकी मनावर घेतली आहे, की पुढे मोठ्या झालेल्या माणसाने बालपणी एखादे झाड चढून दाखवले असले तरी त्यात नेतृत्वगुण सापडतात. झाडावर चढलेली आणि पुढे कोणीही न झालेली मुले किती, याचा हिशेब अर्थातच कोणी ठेवत नाही. चरित्रकाराला शेवट ठाऊक असतो आणि त्या शेवटाचा उजेड तो पहिल्या पानापर्यंत पाडत नेतो. ज्याचे चरित्र असते त्याला मात्र शेवट ठाऊक नसतो, आणि माझ्या मते चरित्र वाचण्यातला खरा रस याच फरकात आहे.

नोकरीची सर्व वर्षे मी बँकेत काढली. बुडालेल्या कर्जाची फाइल वाचताना प्रत्येकजण शहाणा होतो. प्रकरण मंजूर झाले त्या दिवशी टेबलावर कोणते कागद होते, एवढेच पाहून निर्णयाचा न्याय करणारा अधिकारी क्वचित भेटतो. निवृत्तीनंतर चरित्रे वाचू लागलो तेव्हा ही जुनी सवय उपयोगी पडली. नायकाने मोठा निर्णय घेतला की मी पुस्तक मिटतो आणि त्या तारखेला त्याच्यापुढे काय काय होते, याचे टिपण वहीत करतो. त्यामुळे वाचन फार सावकाश होते. त्यातून आमच्याकडे ज्या दिवशी नळाला पाणी येते तो दिवस वाचनातून वजाच धरावा लागतो, हे सोलापूरकरांना वेगळे सांगायला नको.

डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचेच उदाहरण घ्या. त्यांचा जन्म 10 ऑक्टोबर 1910 रोजी सोलापुरात झाला. भैय्या चौकाजवळचे त्यांचे घर आज स्मारक म्हणून जपलेले आहे आणि चीनमधून आलेले पाहुणे तिथे आवर्जून जातात. आमच्या पिढीला कोटणीस भेटले ते मात्र प्रामुख्याने पडद्यावर. व्ही. शांताराम यांनी 1946 साली त्यांच्यावर चित्रपट काढला आणि नायकाची भूमिकाही स्वतःच केली. त्याआधी 1944 मध्ये ख्वाजा अहमद अब्बास यांचे इंग्रजी पुस्तक येऊन गेले होते. म्हणजे 9 डिसेंबर 1942 रोजी वारलेल्या माणसाची कथा दोन वर्षांत पुस्तकात आणि चार वर्षांत चित्रपटगृहात पोहोचली. हौतात्म्याचा ठसा इतक्या लवकर उमटल्यावर, 1938 साली जपानशी लढणाऱ्या चीनच्या मदतीला निघालेल्या वैद्यकीय पथकात नाव नोंदवणारा मुंबईच्या जी. एस. मेडिकल कॉलेजचा तरुण पदवीधर त्याखाली दिसेनासा होणे स्वाभाविकच होते.

तो तरुण मला दिसू लागला तो तारखा लिहून काढल्यावर. काँग्रेसने पाठवलेल्या त्या पथकात पाच डॉक्टर होते: अटल, चोळकर, बसू, मुखर्जी आणि कोटणीस. पथकाचे प्रमुख अटल स्पेनमधील युद्धाचा अनुभव घेऊन आलेले होते, नागपूरचे चोळकर वयाने वडीलधारे होते, आणि कोटणीसांना तिशीही गाठायची होती. 1938 च्या सप्टेंबरात हे पथक मुंबईहून बोटीने निघाले आणि 1939 च्या फेब्रुवारीत चिनी कम्युनिस्टांचा तळ असलेल्या येनानला पोहोचले. वडिलांच्या निधनाची बातमी कोटणीसांना परक्या देशात कळली, आणि ते परतले नाहीत. ‘कर्तव्यापुढे दुःख गिळले’ अशा एका वाक्यात हा प्रसंग पुष्कळांनी उरकलेला आहे. मला मात्र इथे बराच वेळ थांबावेसे वाटते. घरातला कर्ता पुरुष गेला आहे, सोबतचे डॉक्टर पुढेमागे परतणार आहेत, भाषा अजून पुरती आलेली नाही, आणि आपण इथे राहून काही साधेल की नाही याची शाश्वती कोणीच दिलेली नाही. त्या दिवशी त्यांच्या हिशेबात कॅनडाचे शल्यविशारद नॉर्मन बेथून यांच्या नावाचे, पुढे त्यांनी जिथे काम केले ते रुग्णालय नव्हते, क्वो छिंगलान या परिचारिकेशी 1941 मध्ये होणारे लग्न नव्हते, यिनहुआ नावाचा मुलगा नव्हता, आणि बत्तिसाव्या वर्षी अपस्माराने येणारे मरणही नव्हते. हे सारे नसताना ते राहिले, एवढीच त्या निर्णयाची खरी किंमत आहे आणि ती पुष्कळ आहे.

एक गोष्ट जाता जाता. त्या पाचांपैकी बसू 1943 पर्यंत चीनमध्ये राहिले आणि सुखरूप परत आले. परतलेल्या चौघांची नावे आज किती जणांना सांगता येतील? चरित्र मिळण्यासाठी न परतणे फार उपयोगी पडते, असे काहीसे कडवट वाक्य मी वहीत लिहून ठेवले आहे.

दुसरे उदाहरणही सोलापूरचेच आहे, पण त्याची जात अगदी निराळी. वालचंद हिराचंद यांचा जन्म 23 नोव्हेंबर 1882 चा. सावकारी आणि कापसाचा व्यापार करणारे घर, आणि या चिरंजिवांना मात्र रेल्वेच्या बांधकामाची कंत्राटे घेण्याची हौस. रेल्वेत कारकुनी केलेल्या लक्ष्मणराव फाटक यांच्याबरोबर त्यांनी भागीदारी केली, बार्शी लाइट रेल्वेचे काम घेतले, आणि मातीकामाच्या हिशेबापासून व्यवसायाला आरंभ केला. वालचंदांच्या आयुष्यातला हा भाग मला जहाज, विमान आणि मोटार या तीन शब्दांत सांगितल्या जाणाऱ्या त्यांच्या कीर्तीपेक्षा अधिक बोलका वाटतो.

जहाजाचीच हकिगत पाहा. वालचंदांनी सहकाऱ्यांबरोबर उभारलेली सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी 1919 मध्ये स्थापन झाली आणि त्याच वर्षी 5 एप्रिलला तिचे ‘लॉयल्टी’ हे जहाज मुंबईहून इंग्लंडकडे निघाले. हा दिवस आज राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो, आणि भाषणांमधली हकिगत सहसा इथेच थांबते. जहाज नवे नव्हते. ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’ या नावाने 1891 पासून समुद्रावर असलेली ती जुनी बोट ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांनी महायुद्धात रुग्णालय म्हणून चालवली होती, आणि त्यांच्याकडूनच ती कंपनीने घेतली. ती किफायतशीर ठरली नाही आणि 1923 साली मोडीत निघाली. त्याच वर्षी लॉर्ड इंचकेप यांच्या बलाढ्य ब्रिटिश कंपनीने भाडी पाडून चालवलेल्या स्पर्धेपुढे सिंदियाला करार करावा लागला. स्वतःचा ताफा किती वाढवायचा, यावरही त्या कराराने दहा वर्षांसाठी बंधन घातले.

सार्वजनिक वाचनालयातून मी आणलेल्या वालचंदांच्या चरित्राच्या प्रतीत माझ्या आधीच्या कोणा वाचकाने पेन्सिलीने खुणा केलेल्या होत्या. बालपणाच्या प्रकरणात जवळजवळ प्रत्येक ओळीखाली रेघ होती; बंगळूरचा विमान कारखाना, विशाखापट्टणमची गोदी आणि तिथून 1948 मध्ये पाण्यात उतरलेले ‘जलउषा’ हे जहाज यांच्याभोवती चौकटी होत्या. 1923 च्या कराराची पाने मात्र कोरी होती, इतकी कोरी की त्यांच्या कडाही मळलेल्या नव्हत्या. त्या वाचकाला मी दोष देत नाही, कारण शाळेपासून आपल्याला चरित्र वाचायला शिकवले जाते ते निबंधात घालण्याजोगे प्रसंग वेचण्यासाठी. पण वालचंद हा माणूस मला कळला तो त्या कोऱ्या पानांवर. नाखुशीने मान्य केलेल्या करारात राहून, पहिले जहाज भंगारात गेलेले पाहून, तो त्याच धंद्यात टिकला आणि 1929 मध्ये नरोत्तम मोरारजी यांच्या निधनानंतर त्याच कंपनीचा अध्यक्ष झाला. ही चिकाटी होती की हट्ट, याचा निकाल 1923 साली कोणालाही देता आला नसता. पुढे यश आले म्हणून आपण तिला चिकाटी म्हणतो.

चरित्र कोणी, कधी आणि कोणाच्या सांगण्यावरून लिहिले, हेही पाहावे लागते. कृष्णाजी अनंत सभासदाने शिवाजी महाराजांची बखर 1697 च्या सुमारास, राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून, जिंजीला लिहिली. महाराजांना जाऊन सतरा वर्षे लोटली होती, रायगड हातचा गेला होता आणि राज्य दक्षिणेतल्या एका किल्ल्यातून चालले होते. त्या स्थितीत लिहिणाऱ्याला थोरल्या महाराजांचे कोणते प्रसंग आठवावेसे वाटले असतील, हे ध्यानात ठेवून बखर वाचली की तिच्यात 1697 सालही दिसू लागते.

याच दृष्टीने पाहता सोलापूरवर एक मोठे ऋण राहिले आहे. गांधीजींच्या अटकेनंतर 1930 च्या मे महिन्यात शहरात जे घडले आणि त्यानंतर जो लष्करी कायदा लागू झाला, त्यातून मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन यांना पोलिसांच्या हत्येच्या आरोपाखाली 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आले. त्यांचे चौकात पुतळे आहेत, नाट्यगृहाला आणि पुण्याच्या गाडीला हुतात्म्यांचे नाव आहे, आणि जानेवारीत हार घातले जातात. पण आपण त्यांना नेहमी चौघे म्हणूनच ओळखतो. सारडा व्यापारी समाजातले, कुर्बान हुसेन गिरणी कामगारांत वावरणारे. एकाचे आयुष्य दुसऱ्यासारखे नव्हते, आणि फाशीचा एक दिवस सोडला तर त्यांना एकाच परिच्छेदात कोंबण्याचे काही कारण नाही. प्रत्येकाचे दीडदोनशे पानांचे, खटल्याच्या कागदांवरून आणि गिरण्यांच्या दप्तरांवरून लिहिलेले स्वतंत्र चरित्र प्रत्येक शाळेच्या कपाटात असायला हवे. इतिहास विषय घेऊन पदवी मिळवणारी मुले दरवर्षी शहरातून बाहेर पडतात. त्यांच्यापैकी कोणी हे काम अंगावर घेणार असेल, तर सुरुवात कुर्बान हुसेनांपासून करावी, असे मी सुचवीन. मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू बोलणाऱ्या कामगारवस्तीत एका तरुणाच्या शब्दाला वजन कसे आले, याचा उलगडा झाला तर 1930 चे सोलापूर बरेचसे उलगडेल.