सामाजिक उद्योजकतेत पीएचडी: आधी विषयाची पाटी ठरवा

मुंबईच्या टिसमध्ये (टाटा समाजविज्ञान संस्था) २००७ पासून सामाजिक उद्योजकतेत, म्हणजे सामाजिक प्रश्न सोडवण्यासाठी उद्योग उभारण्याच्या विषयात, एमए करता येतं, पण नेटमध्ये, म्हणजे प्राध्यापकीच्या राष्ट्रीय पात्रता परीक्षेत, हा स्वतंत्र विषय नाही. व्यवस्थापन, समाजकार्य, वाणिज्य यांतलाच एक घ्यावा लागतो. घोळ इथेच होतो. नेट समाजकार्यात, पीएचडीची नोंदणी व्यवस्थापनात, मग प्राध्यापकाच्या नोकरीच्या छाननीत ‘संबंधित विषय नाही’ म्हणून अर्ज बाद! नोंदणीआधी अशा पाच-सहा पदांच्या जाहिरातींतली पात्रता वाचाच.

यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोग) २०२२ च्या नियमांत पीएचडीची मुदत किमान तीन, कमाल सहा वर्षं आहे. पुनर्नोंदणीने आणखी दोन मिळू शकतात, आणि स्त्रियांना त्यावर दोन. प्रसूती-बालसंगोपन रजा २४० दिवसांपर्यंत. रजेचा, मुदतवाढीचा अर्ज लेखी द्या, पोच घ्या. गाइडच्या तोंडी होकाराला काडीची किंमत नाही.

बचत गटांवर काम असेल तर कर्जवहीचा फोटो काढण्याआधी गटाचा ठराव घ्या. कुणाचा हप्ता थकला हे त्या पानावर नावानिशी असतं. नावांऐवजी क्रमांक टाका, यादी वेगळी ठेवा. संस्थेला करून दिलेला मूल्यमापन अहवाल शोधनिबंध म्हणून मोजला जात नाही. त्यातली माहिती पीएचडीत वापरण्याची परवानगी संस्थेशी करतानाच्या करारातच लिहून घ्या.